सोयाबीनच्या पेंडीपासून प्लॅस्टिक: घरच्या प्रयोगाच्या पुढे काय?

मांजराकाठ
मंडळी, आम्ही लातूरचे. मुलगी नववीत आहे. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी तिनं "कुजणारं प्लॅस्टिक" हा विषय घेतलाय. आधी सगळे करतात तो कॉर्नफ्लॉवरचा प्रयोग केला. एक मोठा चमचा कॉर्नफ्लॉवर, चार चमचे पाणी, छोटा चमचा ग्लिसरीन, छोटा चमचा व्हिनेगर. मंद आचेवर काचेसारखं दिसेपर्यंत ढवळायचं आणि ताटलीत पसरून वाळवायचं. दोन दिवसांनी छान लवचिक पापुद्रा निघाला.

मग ती म्हणाली, "बाबा, मक्याचं कशाला, आपल्या गावात सोयाबीन आहे." तेल काढून उरलेली पेंड आणली. धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात भिजवली, गाळली, गाळलेल्या पाण्यात व्हिनेगर घातलं. प्रथिनं खाली बसायला हवी होती, पण जेमतेम चमचाभर गाळ मिळाला. तोच प्रयोग कच्चं सोयाबीन भिजवून, वाटून केला तर वाटीभर साका बसला! त्यात ग्लिसरीन घालून वाळवलं, तर पिवळसर पापुद्रा झाला. उन्हाळ्यात केलेला कडकडीत होऊन मोडला. पावसाळ्यात केलेला चिकट राहिला आणि आठवड्यात बुरशी धरली.

प्रश्न दोन. एक, पेंडीतून प्रथिन का निघालं नाही? दोन, आमच्याकडे पेंडीला तोटा नाही. त्यातून पिशव्या, वाट्या असा काही गृहउद्योग खरंच होऊ शकतो का? मुलीचा उत्साह बघून मलाही वाटायला लागलंय.

चौथी_खिडकी
कन्येचं मनापासून कौतुक! वाचतेय.

स्टीलडबा
प्रयोग म्हणून उत्तम. उद्योग म्हणून माझा विरोध. कापडी पिशवी आहे, स्टीलचा डबा आहे. २३ जून २०१८ ला राज्यात बंदीचा बडगा आला तेव्हा आमच्या सोसायटीत सगळ्या घरांतून पिशव्या शिवून घेतल्या, त्या आजही वापरात आहेत. एकदा वापरून फेकायची सवय तशीच ठेवून नुसता माल बदलला तर काय मिळवलं? शिवाय सोयाबीन हे अन्न आहे.

पॉलिमरकाका
मांजराकाठ, मुलीला सांगा की तिला जो फरक दिसला तोच या विषयाचा गाभा आहे. पेंडीचं उत्तर आधी देतो.

तेलगिरणीत हेक्झेन या द्रावकानं तेल काढतात. मग पेंडीतलं हेक्झेन उडवण्यासाठी तिला वाफेवर तापवतात आणि भाजतात. हे भाजणं मुद्दाम असतं, कारण कच्च्या सोयाबीनमध्ये पचनात अडथळा आणणारं एक प्रथिन असतं. ते मोडलं नाही तर कोंबड्यांना पेंड अंगी लागत नाही. पण त्या उष्णतेनं बाकीची प्रथिनंही उलगडून एकमेकांत गुंततात आणि मग पाण्यात विरघळत नाहीत. उकडलेलं अंडं पुन्हा पातळ होत नाही, तसंच. प्रथिन वेगळं काढायचं असेल तर हेक्झेन झटपट, कमी उष्णतेत उडवलेली पांढरी पेंड लागते. ती खाण्याच्या सोया उत्पादनांसाठी बनते आणि महाग असते. म्हणजे बाजारात ढिगानं दिसते ती पेंड आणि प्लॅस्टिकसाठी विरघळणारं प्रथिन या दोन वेगळ्या वस्तू आहेत.

व्हिनेगरनं साका का बसला? सामू (pH) साधारण ४.५ च्या आसपास आला की सोयाप्रथिनावरचे धन आणि ऋण भार सारखे होतात. रेणू एकमेकांना दूर ढकलत नाहीत, गोळा होऊन खाली बसतात.

आता मोडणं आणि चिकटणं. प्रथिनाच्या साखळ्या एकमेकींना घट्ट धरून असतात, म्हणून नुसता पापुद्रा ठिसूळ होतो. ग्लिसरीन त्यांच्यामध्ये शिरून त्यांना सरकायला जागा देतं. पण ग्लिसरीनला आणि प्रथिनाला, दोघांनाही पाण्याची ओढ. कोरड्या हवेत पाणी निघून जातं आणि पापुद्रा कडक होतो. दमट हवेत पाणी आत येतं आणि पापुद्रा सैल पडतो. ही अडचण घरच्या प्रयोगापुरती नाही, जगभरच्या प्रयोगशाळा हिच्याशीच झुंजताहेत.

सुगरण_आजी
काका, याला आमच्याकडे साधा शब्द आहे: सादळलं!

दर उन्हाळ्यात आम्ही कुरडया करतो तेव्हा हेच करतो की. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, वाटायचे, फडक्यातून पिळायचे. खाली बसतो तो चीक. चीक शिजवला की कसा चकचकीत होतो, अगदी या लेकीच्या कॉर्नफ्लॉवरसारखा. कुरडई उन्हात काडीसारखी कडक आणि पावसाळ्यात डब्याचं झाकण सैल राहिलं की मऊ. फडक्यात उरलेला चोथा गाईला.

पॉलिमरकाका
आजी, तुमच्या प्रतिसादाला साष्टांग नमस्कार. तो चीक म्हणजे स्टार्च आणि चोथ्यात कोंड्याबरोबर राहतं ते गव्हाचं प्रथिन, ग्लुटेन. प्रथिनांच्या प्लॅस्टिकमध्ये सोयासारखाच ग्लुटेनचाही बराच अभ्यास झालाय. त्याच्या साखळ्यांमध्ये गंधकाचे बंध असतात. गरम साच्यात दाबलं की ते नव्यानं जुळतात आणि जाळं तयार होतं. लहानपणी शेतात कच्चे गहू चघळून चिंगम करायचो ना? स्टार्च गिळला जायचा आणि तोंडात उरायचं ते ग्लुटेन.

चौथी_खिडकी
गव्हाचं चिंगम! कित्येक वर्षांनी आठवलं. आमच्याकडे पैज लागायची कोणाचं जास्त ताणतं.

लेथ_आणि_लेझर
कुजणारं म्हणून विकलं जाणारं पीएलए नावाचं प्लॅस्टिक आहे, त्याचा अनुभव सांगतो, मी थ्रीडी प्रिंटिंग करतो. पीएलए म्हणजे मका किंवा उसाची साखर आंबवून लॅक्टिक आम्ल करायचं आणि त्याच्या लांब साखळ्या जोडायच्या. वनस्पतीपासून बनतं म्हणून ग्राहक खूश असतात. पण नागपूरच्या मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेला मोबाइल स्टँड दुपारपर्यंत वाकून झोपला. ६० अंशांच्या आसपास पीएलए मऊ पडतं. आणि गंमत बघा, छापताना बिघडलेले तुकडे मी बागेच्या मातीत पुरले होते. तीन पावसाळे झाले, खुरप्याला अजून जसेच्या तसे लागतात.

ओलाकचरा
वरच्या प्रतिसादाला दहा वेळा अनुमोदन. मी पुण्यात आमच्या सोसायटीचा खतप्रकल्प सहा वर्षं सांभाळतेय. लोक ओला कचरा हिरव्या "कंपोस्टेबल" पिशवीत भरून देतात आणि त्यांना वाटतं आपण सगळं बरोबर केलं. दीड महिन्यानं खत चाळताना त्या पिशव्यांच्या चिकट गुंडाळ्या हातानं वेचाव्या लागतात. आमच्या दोन मावशी ते काम करतात. म्हणून मला याचा राग येतो.

कारण समजून घ्या. कंपोस्टेबलची चाचणी ५८ अंशांच्या आसपास होते. १२ आठवड्यांनी २ मिलिमीटरच्या चाळणीवर १० टक्क्यांहून जास्त उरता कामा नये आणि सहा महिन्यांत ९० टक्के कार्बनचा वायू व्हायला हवा. आमच्या टाकीत इतकी ऊब कधीतरी चार दिवस असते. मोठा ढीग असला तरच ती टिकते.

आणि त्या पिशव्या सहसा नुसत्या मक्याच्याही नसतात. बऱ्याचदा पीबीएटी नावाच्या पॉलिमरमध्ये स्टार्च किंवा पीएलए मिसळलेलं असतं, आणि पीबीएटी बहुतेक वेळा खनिज तेलापासूनच येतं.

स्टीलडबा
म्हणजे फसवणूकच.

पॉलिमरकाका
नाही, तसं नको म्हणू या. इथे दोन प्रश्न एकमेकांत मिसळताहेत: कशापासून बनलं आणि शेवटी कुठे जाणार. पीबीएटी तेलापासून बनतं तरी कुजतं, कारण त्याच्या साखळीतले काही दुवे जंतूंच्या विकरांना (एन्झाइमना) तोडता येतात. उलट उसाच्या अल्कोहोलपासून केलेलं पॉलिथीन शंभर टक्के वनस्पतीचं, तरी नेहमीच्या पॉलिथीनसारखंच शतकानुशतकं राहणार. तिसरा प्रकार ऑक्सो-डिग्रेडेबल. त्यात मसाला घालून प्लॅस्टिकचा नुसता चुरा केला जातो. त्यावर युरोपीय संघानं २०२१ पासून बंदी घातली, ते योग्यच झालं.

इंग्लंडमधल्या प्लिमथ विद्यापीठाचं २०१९ चं संशोधन वाचण्यासारखं आहे. "बायोडिग्रेडेबल" छापलेली पिशवी तीन वर्षं मातीत आणि समुद्रात ठेवली, तरी तिच्यातून बाजार आणता येत होता. कंपोस्टेबल पिशवी मात्र समुद्रात तीन महिन्यांत दिसेनाशी झाली, आणि मातीत २७ महिन्यांनीही होती, फक्त वजन पेलत नव्हती. एकाच वस्तूचं आयुष्य जागेनुसार इतकं बदलतं.

राइनकाठी
जर्मनीतून लिहितेय. इथे ओल्या कचऱ्याचा वेगळा डबा सक्तीचा, शिस्त कडक, मोठे खतप्रकल्प. तरीही इथल्या अनेक नगरपालिका प्रमाणपत्र असलेल्या कुजणाऱ्या पिशव्यासुद्धा त्या डब्यात टाकू देत नाहीत. एक तर अनेक प्रकल्प कचऱ्याला पूर्ण १२ आठवडे देतच नाहीत. दुसरं, पट्ट्यावर धावणाऱ्या कचऱ्यात कुठली पिशवी कुजणारी आणि कुठली साधी, हे ओळखता येत नाही, म्हणून सगळ्याच बाजूला काढतात. आम्ही जुन्या वर्तमानपत्राची पुडी करतो. वाण्याच्या दुकानातली पुडी बांधायची आजोबांची पद्धत इथे कामाला आली, शेजारणीलाही शिकवली.

विरीवाली
मी सावंतवाडीकडची. पोफळीच्या विरीच्या, म्हणजे सुपारीच्या पानाच्या बुडाशी असणाऱ्या रुंद आवरणाच्या, ताटल्या-वाट्या करायचं छोटं यंत्र आहे आमच्याकडे. विरी झाडावरून आपसूक गळते. धुवायची, थोडी ओली असतानाच गरम साच्यात दाबायची, झालं. रसायन नाही, चिकटवायला काही नाही. आमटी ओतली तरी जेवण होईपर्यंत टिकते आणि मग माडाच्या बुंध्यात टाकली की संपली. मांजराकाठ दादा, वाट्याच करायच्या असतील तर प्रथिन वेगळं काढण्याच्या खटाटोपात पडू नका. निसर्गानं आधीच तयार केलेला पत्रा आहे. तुमच्याकडे पळसाच्या पत्रावळी होत्याच की.

मांजराकाठ
होत्या ताई, लग्नाच्या पंगतीत द्रोणातून आमटी गळायच्या आत संपवायची घाई मला आठवते. पण पळस आता फार उरला नाही.

लेथ_आणि_लेझर
अवांतर: हेन्री फोर्डनं सोयाबीनची गाडी केली होती ना? त्याचं काय झालं?

पॉलिमरकाका
केली होती. १३ ऑगस्ट १९४१ ला अमेरिकेत डिअरबॉर्नला लोकांसमोर आणली. पोलादी नळ्यांचा सांगाडा आणि वर १४ प्लॅस्टिकची पॅनेल. एकच गाडी बनली आणि तीही पुढे मोडीत काढली. त्या पॅनेलची नेमकी कृती जपलेली नाही, त्यामुळे "पूर्ण सोयाबीनची गाडी" हे जे सांगतात ते जरा जास्त होतं.

पण प्रथिनांचं प्लॅस्टिक त्याहून जुनं आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीत दुधाच्या केसिनपासून गॅलॅलिथ केलं गेलं. नावाचा अर्थच दूध-दगड. शर्टाची बटणं, कंगवे, पेनं, लाखोंनी. मक्याच्या झीन या प्रथिनाचा धागा १९४८ ते १९५७ अमेरिकेत विकला जात होता. मग तेलापासूनचे नायलॉन आणि पॉलिएस्टर स्वस्त झाले आणि हे सगळं मागे पडलं. म्हणजे आपण नवं काही शोधत नाही आहोत. अर्धवट सोडलेलं काम पुन्हा हातात घेतोय.

मांजराकाठ
काका, मुलीनं कुठेतरी वाचलं की गॅलॅलिथ पाण्याला टिकावं म्हणून फॉर्मॅलिनमध्ये ठेवायचे. ती विचारतेय, थोडंसं वापरून बघू का?

पॉलिमरकाका
अजिबात नाही. घरात नाही, शाळेतही नाही. फॉर्मॅलिनमधलं फॉर्मॅल्डिहाइड कर्करोगकारक आहे, वाफ डोळ्यांना आणि श्वासाला लगेच झोंबते. गॅलॅलिथ त्यात आठवडेच्या आठवडे बुडवून ठेवायचे, तेव्हाच्या कामगारांनी काय सोसलं असेल त्याची कल्पना करा. तिला दुसरी वाट सांगा: केंब्रिज विद्यापीठात तुओमास नोल्स यांच्या गटानं २०२१ मध्ये सोयाप्रथिनाचा पापुद्रा केला. साखळ्या जोडायला रसायन वापरलं नाही. प्रथिन पाणी आणि ॲसेटिक आम्लात, उष्णता व ध्वनिलहरी देऊन विरघळवलं. थंड होताना साखळ्या आपोआप शिस्तीत लागल्या, कोळ्याच्या रेशमात लागतात तशा. त्यांना जोडणारे हायड्रोजन बंध एकेकटे कमकुवत, पण असंख्य. दोरा एकेरी कच्चा असतो, पण गोधडी कुठे उसवते? ताकदीला तो पापुद्रा साध्या पॉलिथीनच्या जवळ गेला. याच गटाच्या संशोधनातून त्याआधीच झाम्प्ला ही कंपनी उभी राहिली होती. पातळ वेष्टनं, कागदावरचे लेप अशी कामं ती करते.

व्हिनेगर म्हणजे पातळ ॲसेटिक आम्लच. तेव्हा मुलगी चुकून योग्य दारापर्यंत आलीच आहे!

ओलाकचरा
अशा पातळ लेपांना मात्र माझा पाठिंबा आहे. शाम्पूची पुडी, केचपची पुडी, कागदी कपाच्या आतला थर. या वस्तू कोणी धुवून परत देत नाही, भंगारवालाही घेत नाही. स्टीलडबा यांचा डबा तिथे पोचणार नाही.

स्टीलडबा
मान्य. पुडीचा मुद्दा पटला. पण दुकानाच्या पिशवीसाठी माझं मत कायम.

नारायणगाव_टोमॅटो
उशिरा आलो. सगळा धागा वाचला आणि आश्चर्य वाटलं की मल्चिंग पेपरचं, म्हणजे वाफ्यावर अंथरायच्या प्लॅस्टिकच्या कागदाचं, कोणीच बोलत नाही. शहरातल्या पिशवीवर एवढी चर्चा, आमच्या शेतात एकरी किती प्लॅस्टिक अंथरतो ते बघा एकदा.

टोमॅटोला गादीवाफ्यावर २५ किंवा ३० मायक्रॉनचा पेपर. वर चंदेरी, खाली काळा. गवत होत नाही, पाणी वाचतं, फळ मातीला लागत नाही. फायदा आहेच, नाही म्हणणार नाही. पण पीक संपल्यावर तो निघताना फाटतो. कडा मातीत गाडलेल्या असतात, त्या तशाच राहतात. रोटाव्हेटर मारला की चिंध्या होऊन रानभर. जमा केलेल्याला माती लागलेली म्हणून भंगारवाला हात लावत नाही. मग बांधावर पेटवतात. मीही पेटवलाय, तो वास अजून डोक्यात आहे.

दोन वर्षांपूर्वी कुजणाऱ्या मल्चिंगचा एक नमुना मिळाला होता. दर जवळपास अडीच पट. अर्ध्या एकरात लावला. तोडे चालू असतानाच काही ठिकाणी चिरला आणि गवत वर आलं. पण खरं सांगतो, पुढच्या हंगामात नांगरताना चिंधी सापडली नाही. तेव्हापासून डोक्यात आहे की हे जमलं पाहिजे.

पॉलिमरकाका
तुमचा प्रतिसाद या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा. मातीत कुजणाऱ्या मल्चिंगसाठी युरोपात २०१८ पासून वेगळं मानक आहे: २० ते २८ अंशांच्या मातीत, दोन वर्षांत ९० टक्के. म्हणजे ५८ अंशांची भट्टी गृहीत धरलेली नाही. शेतातली वस्तू शेतातच संपायची असेल तर तिला गोळा करा, ओळखा, वेगळी करा ही सगळी साखळीच लागत नाही.

आणि मांजराकाठ, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला इथेच दिसतं. प्रथिनात साधारण १६ टक्के नत्र असतं. पिशवीत त्याचा उपयोग शून्य. मातीत मात्र ते खत होतं. अमेरिकेत आयोवा राज्य विद्यापीठात सोयाप्रथिन आणि पीएलए मिसळून रोपांच्या कुंड्या केल्या होत्या, त्यांतल्या नत्राचा रोपांना फायदा झाला.

पिशव्यांचा उद्योग डोक्यातून काढा. त्यासाठी पापुद्रा फुगवणारी यंत्रं, चाचण्या, केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र, हे मोठ्या भांडवलाचं काम आहे. पीएलएकडे तर साखर उद्योग वळतोच आहे, पुण्याच्या प्राज कंपनीनं २०२४ मध्ये जेजुरीला प्रात्यक्षिक प्रकल्प सुरू केला. घरगुती पातळीवर रोपांची वाटी करून बघा. तिला वर्षभर टिकायचं नाही, पंचवीस-तीस दिवस टिकायचंय. तिथे सादळणं, बुरशी हे दोष उरत नाहीत, ते थोडे दिवस पुढे ढकलायचे एवढंच उरतं.

आणि त्यासाठी प्रथिन वेगळं काढायचीही गरज नाही. भाजलेली पेंड चालेल. तिला धरून ठेवणारा चिकटा हवा.

सुगरण_आजी
चिकट्याला चोथा आहे की! वाया जातो म्हणून दरवर्षी हळहळते मी.

विरीवाली
आणि गरम दाबायला साचा हवा तर आमच्यासारखं यंत्र लातूरकडे कोणाकडे पत्रावळीचं असेलच. एक दिवस मागून घ्या. माल फार ओला ठेवू नका, वाफ कोंडली की फुटतो. आमच्या पहिल्या शंभर वाट्या तशाच गेल्या होत्या.

मांजराकाठ
सगळ्यांचे आभार मानायला शब्द नाहीत. तीन आठवडे लिहिलं नाही कारण आम्ही कामाला लागलो होतो.

बारीक दळलेली पेंड, धुतलेला गव्हाचा चोथा, थोडं ग्लिसरीन. इथल्या पत्रावळीवाल्यांनी दुपारभर साचा दिला. पहिल्या खेपेला वाफेनं फुटल्या, ताई म्हणाल्या तसंच. कणीक एक रात्र सुकवून पुन्हा दाबल्या तर तपकिरी, खमंग वासाच्या अठरा वाट्या निघाल्या. माती भरून मेथी पेरली. रोज पाणी दिलेल्या वाट्या सहाव्या दिवशी बसल्या. बाहेरून मधमाशीच्या मेणाचा पातळ हात दिलेल्या आज चौदाव्या दिवशी उभ्या आहेत, बुडाशी पांढरी बुरशी आहे. मुलगी रोज वजन करून वहीत लिहिते. एक अडचण: मुंग्या आणि उंदीर. दोन वाट्या उंदरानं नेल्या.

चौथी_खिडकी
उंदरालाही पसंत पडल्या म्हणजे खरोखर नैसर्गिक!

नारायणगाव_टोमॅटो
उंदराचं मनावर घ्या, रोपवाटिकेत हा खरा त्रास होईल. आमच्याकडे रोपं जाळीच्या आत टेबलावर असतात, तुम्हीही तसं करा. बुरशीचं भिऊ नका, पण रोपाची मान कुजते का ते रोज बघायला सांगा. मेथीवर कळणार नाही. टोमॅटो पेरा, ते नाजूक.

आम्ही ९८ कप्प्यांच्या ट्रेमध्ये कोकोपीट भरून रोपं करतो, पंचविसाव्या दिवशी उपटून लावतो. उपटताना मुळं दुखावतात आणि झाड चार दिवस माना टाकतं. वाटीसकट लावता आलं तर तेवढंच चार दिवस पुढे. मला पन्नास वाट्या पाठवा. एका सरीत पन्नास तुमच्या, शेजारच्या सरीत पन्नास ट्रेमधली. खत-पाणी सारखं. उंची, पहिलं फूल, पहिला तोडा, सगळं लिहून कळवतो. वाटीचं मातीत काय झालं ते तोडे संपल्यावर उकरून फोटो टाकीन.

मांजराकाठ
दादा, नक्की. मुलगी विचारतेय, वाटीला खाली भोक किती मोठं ठेवू, आणि उंची ट्रेच्या कप्प्याएवढी चालेल की जास्त?

नारायणगाव_टोमॅटो
भोक करंगळी जाईल एवढं. उंची दोन बोटं जास्त ठेव म्हणावं, मुळाला खाली जायला आवडतं.